ओनेट इंटरेस्ट प्रोफायलर: नोकरीचा वीट येण्याआधी द्यावी अशी चाचणी

अमेरिकेच्या श्रम विभागाची ही मोफत ऑनलाइन चाचणी. 60 कामं दिसतात. प्रत्येक काम किती आवडेल ते पाच पर्यायांतून सांगायचं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी कामाच्या आवडींचे सहा गट मांडले; त्या प्रत्येक गटाचे गुण मिळतात. मग 1 ते 5 मधली तयारीची (म्हणजे शिक्षण, अनुभव, प्रशिक्षणाची) पातळी निवडली की व्यवसायांची यादी येते. लोक चुकतात ते उत्तरं देताना: पगार, पदवी मनात ठेवली की यादी सध्याच्याच नोकरीभोवती फिरू शकते. आणि नोकरी असह्य झाल्यावर तर सगळंच नकोसं वाटतं, सहाही गटांत गुण कमी पडू शकतात. म्हणून मन शांत असतानाच ही द्यावी. कौशल्यं मात्र ही अजिबात मोजत नाही, ही खरी उणीव. त्यासाठी यादीतले दोन-तीन व्यवसाय निवडून, ते करणाऱ्यांना रोजचं काम तासागणिक विचारा.