बीच व्हॉलीबॉल की क्लबचा करार? पूर्णवेळ खेळायचं ठरवणाऱ्या मुलीसाठी

खेळ जमतो, उंची आहे, मेहनतीची तयारी आहे, आणि आता एकच प्रश्न उरतो: वाळूवर दोघींच्या जोडीने खेळायच्या बीच व्हॉलीबॉलवर पोट भरेल का, की सभागृहात संघाने खेळायच्या इनडोअर व्हॉलीबॉलच्या क्लबशी करार करावा? बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा बक्षिसांचे आकडे सांगितले जातात. माझ्या मते ते आकडे सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघायचं ते हे, की ज्या आठवड्यात तुम्ही हराल त्या आठवड्याचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार. जगातल्या उत्तम जोड्याही वर्षातले बरेच आठवडे हरतात. त्यामुळे या एका प्रश्नाचं उत्तर बदललं की सगळं गणितच बदलतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करायला हवी. पुरुषांना जास्त आणि महिलांना कमी बक्षीस, हा भेदभाव या खेळात आता नाही. आंतरराष्ट्रीय टूरवर आणि अमेरिकेतल्या एव्हीपी या व्यावसायिक बीच मालिकेत दोघांना सारखंच बक्षीस मिळतं. फार थोड्या खेळांना हे साधलंय आणि त्याचा अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. अडचण वेगळी आहे. मुळात वाटायला असलेला पैसाच थोडा आहे.

जागतिक टूर

2022 पासून आंतरराष्ट्रीय टूरचं नाव बीच प्रो टूर झालं आणि तिच्या तीन पायऱ्या झाल्या: फ्यूचर्स, चॅलेंज आणि एलिट 16. त्या रचनेत महिलांच्या स्पर्धेसाठी एकूण बक्षीस फ्यूचर्सला साधारण 5,000 डॉलर, चॅलेंजला 75,000 आणि एलिट 16 ला 1,50,000 डॉलर असं ठरलं.

आता फ्यूचर्सपासून हिशेब करू, कारण नव्या जोडीची सुरुवात तिथेच होते. समजा, सगळेच्या सगळे 5,000 डॉलर एकाच जोडीने नेले. प्रत्यक्षात तसं होत नाही, पण समजा. प्रत्येकीच्या वाट्याला 2,500 आले. त्यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, सोबत कोच असेल तर त्याचा खर्च, आणि वर कर. म्हणजे अशक्य वाटावी इतकी चांगली कामगिरी केली तरी दूरच्या देशातला आठवडा जेमतेम सुटतो. या पायरीवर कोणी कमवायला जात नाही. तिथे जायचं ते मानांकनाचे गुण मिळवून वरच्या स्पर्धेत प्रवेश मिळावा म्हणून.

वरची पायरी बघा. एलिट 16 चे 1,50,000 डॉलर 16 जोड्यांत समान वाटले असते तर प्रत्येक खेळाडूला सुमारे 4,690 डॉलर मिळाले असते. अर्थात वाटणी समान नसते. विजेत्यांना बरंच जास्त मिळतं आणि पहिल्याच टप्प्यात बाहेर पडणाऱ्यांना बरंच कमी. आणि 16 जोड्या म्हणजे अख्ख्या जगातून फक्त 32 जणी.

पात्रता फेरीचं वास्तव तर आकड्यांतून कळतच नाही. सोमवारी लांबचा प्रवास करून उतरायचं, मंगळवारी वाळू किती खोल आहे आणि वारा कुठून येतो ते बघायचं, आणि बुधवारी सकाळी सामना. दोन सेट 21-18, 21-19 असे गेले की पाऊण तासात स्पर्धा संपते. परतीचं तिकीट मात्र रविवारचं असतं, कारण बाद होण्याच्या दिवसाचं तिकीट आधी कोण काढणार? ते बदलायचं तर दंड भरा, नाही तर चार दिवस हॉटेलचं भाडं भरा. बऱ्याच जोड्या राहतात. सरावाच्या कोर्टवर मुख्य फेरीतल्या जोड्यांना सराव करायला मदत करतात आणि त्यातून काही शिकतातही. पण ते चार दिवस त्यांच्या पैशांनी झालेले असतात.

जोडीदार म्हणजे अर्धा धंदा

या विषयावर पुरेसं बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. इनडोअरमध्ये तुमचा खांदा दुखावला तर बदली खेळाडू उतरते, संघ खेळत राहतो आणि करार नीट असेल तर पगारही सुरू राहतो. बीचवर बदली खेळाडू नसते. तुमचा खांदा दुखावला तर तुमची कमाई थांबते आणि ठणठणीत असलेल्या जोडीदाराचीही थांबते.

टूरवर प्रवेश ठरतो तो दोघींचे गुण एकत्र धरून. गुण ज्याचे त्याच्या नावावर असतात, त्यामुळे जोडी फुटली की प्रत्येकीला आपल्या गुणांना पूरक ठरेल अशी दुसरी खेळाडू शोधावी लागते. ऑलिंपिक झालं की हे मोठ्या प्रमाणावर होतं. टोकियोत आना पात्रिसिया आणि दुदा या ब्राझीलच्या दोघी वेगवेगळ्या जोड्यांतून खेळल्या होत्या. त्यानंतर त्या एकत्र आल्या, 2022 मध्ये रोमला जगज्जेत्या झाल्या आणि 2024 मध्ये पॅरिसला सुवर्णपदक जिंकल्या. त्यांचं सोनं झालं, पण त्यासाठी आधीच्या दोन जोड्या मोडल्या आणि दोन खेळाडूंना पुन्हा सुरुवात करावी लागली. अमेरिकेच्या सारा ह्यूज आणि केली चेंग कॉलेजपासूनची जोडी होत्या. 2018 मध्ये त्या वेगळ्या झाल्या, पुढे पुन्हा एकत्र आल्या आणि 2023 मध्ये मेक्सिकोतल्या त्लाक्सकालाला जागतिक अजिंक्यपद जिंकलं. जोडी फुटणं म्हणजे कोणी दगा दिला असं समजू नका, या खेळात ते नेहमीचं आहे. पण त्या मधल्या काळात घरभाडं कशातून द्यायचं याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

पाठीशी कोण आहे?

टूरवर शेजारच्या कोर्टवर तुमच्याइतकंच खेळणाऱ्या दोघी दिसतील, पण त्यांचं जगणं अगदी निराळं असू शकतं. जर्मनीत लष्कराच्या क्रीडा पथकात निवड झालेल्या खेळाडूंना सैनिकाचा पगार मिळतो आणि त्यांचं मुख्य काम सराव हेच असतं. इटलीतही सैन्य आणि पोलिसांची क्रीडा पथकं आहेत. तिथली अनुभवी खेळाडू मार्ता मेनेगात्ती हवाई दलाच्या पथकातली. ब्राझीलमध्ये सरकारची ‘बोल्सा आतलेता’ ही शिष्यवृत्ती आहे, सैन्यदलांची खेळाडू योजना आहे आणि बँको दो ब्राझीलच्या पाठिंब्यावर 1990 च्या दशकापासून चालत आलेली देशांतर्गत मालिका आहे. कॅनडात निवडक खेळाडूंना सरकारकडून मासिक भत्ता मिळतो. अमेरिकेत सरकार ऑलिंपिक खेळाडूंना असा थेट पगार देत नाही. तिथली ऑलिंपिक समिती पदकासाठी बक्षीस देते, टोकियो आणि पॅरिसला सुवर्णासाठी ते 37,500 डॉलर होतं. पण पदक चार वर्षांतून एकदा, आणि तेही फार थोड्यांना.

आज जगात बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींमधला खरा भेद मला इथे दिसतो. गुणवत्तेत फरक उन्नीस-बीस असतो. पण एकीच्या हरलेल्या आठवड्याचे पैसे देश भरतो आणि दुसरीचे तिचे आईवडील किंवा क्रेडिट कार्ड. पहिली शांत डोक्याने नवी सर्व्हिस घोटवते. दुसरी तिकीट स्वस्त मिळतंय का ते बघून स्पर्धा निवडते.

प्रायोजकांवर मी फारशी मदार ठेवणार नाही. सनग्लासेस, कपडे, पेयं यांचे करार मिळतात, पण त्यातले बरेच रोख पैशांचे नसून वस्तूंचे असतात. शिवाय महिलांच्या बाबतीत खेळापेक्षा दिसण्यावर आणि सोशल मीडियाच्या आकड्यांवर बोली लागते. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये पोशाखाचे नियम सैल केले, शॉर्ट्स आणि बाह्यांच्या टॉपला परवानगी दिली. प्रायोजकांची नजर तितक्या वेगाने बदललेली नाही. मानांकन खाली असूनही जास्त प्रायोजक असलेली खेळाडू दिसली तर मनाला लावून घेऊ नका.

एव्हीपी

अमेरिकेत राहणार असाल तर हा पर्याय खुला आहे. प्रवास देशातल्या देशात, प्रेक्षक जाणते, वातावरण सुंदर. स्थैर्य मात्र गृहीत धरू नका. 1980 च्या दशकात स्थापन झालेली महिलांची स्वतंत्र संघटना डब्ल्यूपीव्हीए 1990 च्या दशकाच्या अखेरीस बंद पडली, 1998 मध्ये एव्हीपी दिवाळखोरीत गेली आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये ती हंगाम अर्ध्यावर सोडून थांबली. पुढे ती सावरली, पण मालक बदलत राहिले. 2024 मध्ये शहरांच्या नावाने लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते आणि प्रत्येक संघात महिलांची एकच जोडी. म्हणजे लीगमध्ये जागा 16 जणींना. बाकीच्यांसाठी खुल्या स्पर्धा आहेत, पण त्यावर वर्षभराचं घर चालत नाही. तिथल्या बऱ्याच खेळाडू सकाळी सराव करून दुपारी मुलांच्या क्लबमध्ये शिकवतात आणि नियमित पैसे त्यांना त्या शिकवण्याचे मिळतात.

तरी एक उदाहरण आवर्जून सांगावंसं वाटतं. क्रिस्टन नस आणि टॅरिन क्लॉथ यांनी 2021 मध्ये पात्रता फेरीतून येऊन एव्हीपीची अटलांटा स्पर्धा जिंकली. 2023 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. सगळे कॅलिफोर्नियाला जातात तसं न जाता त्या लुईझियानातच राहिल्या, कॉलेजच्या कोचबरोबर. जोडी टिकवली, कोच टिकवला. ही वाट अपवादाची आहे, पण ती का जमली ते यातून कळतं.

इनडोअर क्लब

इथे चित्र उलटं. तुर्कस्तान, इटली, पोलंड, जपान अशा देशांतल्या क्लबशी हंगामाचा करार होतो. रक्कम ठरलेली असते, राहायची जागा बहुतेक वेळा क्लब देतो आणि प्रवास, कोच, फिजिओ सगळं क्लबचं. अमेरिकेत 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रो व्हॉलीबॉल फेडरेशन या महिलांच्या इनडोअर लीगने किमान 60,000 डॉलर पगार जाहीर केला होता. एलिट 16 मध्ये दर वेळी सरासरी वाटा मिळाला असं धरलं, तर एवढे पैसे जमायला तशा जवळजवळ 13 स्पर्धा लागतील, तेही खर्च वजा न करता. एका हंगामात तेवढ्या होतही नाहीत. आणि 60,000 हा तिथल्या सगळ्यात कनिष्ठ खेळाडूचा पगार होता.

इनडोअर म्हणजे सगळं आलबेल असं मात्र नाही. लहान क्लबांत पगार महिनोन्‌महिने थकतात. इटलीच्या लारा लुग्ली या खेळाडूचं प्रकरण 2021 मध्ये जगभर गाजलं. ती गरोदर राहिल्यावर क्लबने करार संपवला, आणि तिने थकलेला पगार मागितल्यावर उलट तिच्याकडेच भरपाई मागितली. म्हणून दुखापत आणि बाळंतपण याबद्दल करारात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचायचं, एजंट कितीही घाई करत असला तरी. खेळातही फरक आहे. इनडोअरमध्ये तुमची एक जागा ठरते आणि वर्षानुवर्षं तेच करावं लागतं. वाळूवर सर्व्हिस घेणं, उचलणं, मारणं, अडवणं सगळं दोघींनीच करायचं. ज्यांना त्याची गोडी लागली त्यांना इनडोअर कोंडल्यासारखं वाटतं, हे मला पूर्ण मान्य आहे.

वय अठरा असेल तर

अमेरिकन विद्यापीठांत बीच व्हॉलीबॉल हा महिलांचाच खेळ आहे आणि 2016 पासून एनसीएए या तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा होते. परदेशी मुलींनाही शिष्यवृत्ती मिळू शकते. लॅटव्हियाची टीना ग्राउदिना दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात खेळली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. कोच, फिजिओ, प्रवास आणि हातात पदवी, एवढं सगळं या वयात दुसरीकडे मिळत नाही. तुम्ही या वयाच्या असाल तर माझा सल्ला सरळ आहे: इथे आधी प्रयत्न करा.

मी काय निवडेन

देशाच्या महासंघाचा, लष्कराचा किंवा सरकारी भत्त्याचा आधार लेखी मिळत असेल तर बीच, आणि मागे वळून न बघता. असा आधार नसेल तर आधी इनडोअरचा करार. याचं मोठं कारण म्हणजे तिकडून इकडे येता येतं. अॅलिक्स क्लाइनमन इटली आणि ब्राझीलमध्ये इनडोअर खेळली, 2017 मध्ये सत्ताविशीत वाळूवर आली आणि टोकियोत एप्रिल रॉसबरोबर सुवर्णपदक जिंकली. केरी वॉल्श जेनिंग्स 2000 मध्ये सिडनीला इनडोअर संघात होती, मग बीचवर तीन सुवर्णपदकं मिळवली आणि 2016 मध्ये अडतिसाव्या वर्षी रिओला कांस्य. वाळूवर कारकीर्द लांब चालते, दोन-तीन वर्षं उशिरा आलात म्हणून दार बंद होत नाही. उलट बीचवर पाच वर्षं घालवून इनडोअर क्लबकडे गेलात तर तुमचा अलीकडचा इनडोअर खेळ दाखवायला हातात काही नसतं.

आधार नसतानाही आत्ताच बीच खेळायचं असेल, तर दोन हंगामांचा खर्च आधी बाजूला काढा आणि पहिल्या वर्षी विमानाऐवजी रेल्वेने किंवा गाडीने गाठता येतील अशाच स्पर्धा घ्या. आणि जोडीदाराबरोबर बसून कागदावर लिहा: बक्षीस कसं वाटायचं, कोचचा खर्च कोणी किती द्यायचा, एकीला दुखापत झाली तर दुसरीने किती आठवडे थांबायचं, त्या काळात तिने दुसऱ्या कोणाबरोबर खेळलं तर चालेल का, आणि जोडी मोडायची असेल तर किती आधी सांगायचं. मैत्रिणी असाल तर हे बोलणं अवघड जाईल. तरीही ते पहिल्या स्पर्धेचं तिकीट काढण्याआधी व्हायला हवं.