पाणीयोजनेतली शाश्वतता: गुणतक्ता बरा की आयुष्यभराचा खर्च?

पाणीयोजना आखताना शाश्वततेचे निकष लावायचे हे ठरलं, की पहिला प्रश्न येतो तो पर्यायांची तुलना करायची कशी. रस्ते दोन. एक गुणतक्ता: खर्च, कार्बन उत्सर्जन, सामाजिक परिणाम अशा प्रत्येक निकषाला वेटेज (निकालातला टक्केवारीतला वाटा), मग गुण, मग बेरीज. दुसऱ्यात आधी किमान अटींची चाळणी लावायची आणि उरलेल्या पर्यायांचा उभारणीपासून मोडीत काढेपर्यंतचा खर्च मांडायचा. मी दोन्ही तऱ्हेने आराखडे केले आहेत.

गुणतक्ता बैठकीत उत्तम चालतो. लेखा विभागापासून नागरिकांपर्यंत प्रत्येकाला आपला मुद्दा कागदावर दिसतो. पाणथळ जागेची किंमत पैशात काढायची कसरतही टळते.

माझं बिनसलं ते गुण देण्याच्या रीतीवर. सहसा सर्वात स्वस्त पर्यायाला 100, सर्वात महागाला 0 आणि मधल्यांना त्या प्रमाणात गुण देतात. समजा, अ चा खर्च 100 आणि ब चा 120. कार्बनमध्ये मात्र ब सरस. खर्चाला 60, कार्बनला 40 वेटेज. अ ला 60 गुण, ब ला 40. निकाल अ. आता कोणी तरी 200 खर्चाचा क तक्त्यात घालतो, कार्बनमध्ये तो दोघांच्या बरोबर मध्ये. खर्चाची पट्टी ताणली जाते, ब ला खर्चात एकदम 80 गुण मिळतात आणि त्याची बेरीज 88 होते. अ 60 वरच. क जेमतेम 20 गुण घेऊन तळाला, पण जाता जाता पहिला नंबर फिरवून गेला! अ आणि ब मध्ये तसूभरही बदल झालेला नसतो. एका योजनेत मी हे डोळ्यांदेखत पाहिलं. तो तिसरा पर्याय कोणाला बांधायचाही नव्हता, ‘तुलनेसाठी असू दे’ म्हणून घातलेला. तेव्हापासून बेरजेवर माझा विश्वास बसत नाही.

आयुष्यभराच्या खर्चात असा क आला काय, गेला काय, अ आणि ब चे आकडे हलत नाहीत. शिवाय मोठ्या व्यासाच्या पाइपाला न्याय मिळतो. 300 मिमीऐवजी 350 घेतला तर तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा दाबनाश (पाइपाला घासून वाया जाणारा पाण्याचा दाब) निम्म्याहून कमी होतो आणि ते वर्षानुवर्षं वीजबिलात दिसतं. गुणतक्त्यात तीच वीज चालवण्याचा खर्च, ऊर्जा आणि कार्बन अशी तीनदा मोजलेली मी पाहिली आहे.

या पद्धतीचीही खोड आहे: डिस्काउंट रेट, म्हणजे पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत मांडताना दरसाल लावायचा घटीचा दर. 8 टक्क्यांनी तिसाव्या वर्षीचे 100 आजचे 10 उरतात, 3 टक्क्यांनी 41. दीर्घायुषी कामाचा फायदा इथेच विरघळतो. म्हणून मी दोन्ही दरांनी गणित करतो आणि उत्तर बदललं तर तसं अहवालात लिहितो.

किमान अटी मात्र कडक हव्यात. दुष्काळी वर्षात पाणी पुरेल का, नदीत ठरलेला प्रवाह राहील का, गरीब घराला पाणीपट्टी झेपेल का? इथे नापास तो बाद. गुणतक्त्यात सौर पॅनलचे गुण कोरड्या उद्भवाला (पाण्याच्या स्रोताला) तारून नेऊ शकतात, ते इथे होत नाही.

जिथे अनेक पक्षांना एकत्र आणणं हेच मुख्य काम आहे, तिथे गुणतक्ता कदाचित सोयीचा पडेल. मग निदान वेटेज पर्याय मांडण्याआधी ठरवा, गुणांची पट्टी आधीच ठरलेल्या आकड्यांवर बांधा आणि तळाचा पर्याय काढून बेरीज पुन्हा करून बघा.