पूरमदतीची ४ बाय ६ ताडपत्री: बाजारातल्या निळ्या ताडपत्रीपेक्षा खरंच सरस?

रेडक्रॉस मदतकार्यात जी ताडपत्री वाटते, तिचं माप ठरलेलं आहे: ४ बाय ६ मीटर, म्हणजे साधारण १३ बाय २० फूट. आत एचडीपीई या मजबूत प्लास्टिकच्या काळ्या धाग्यांचं विणकाम, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप, मधून जाड पट्ट्या, वजन चौरस मीटरला १९० ग्रॅमच्या आसपास. एक नग साडेचार किलोचा, गठ्ठा पाच नगांचा.

काळ्या धाग्यामुळे रात्री आत दिवा लावला तरी बाहेर सावली पडत नाही. छावणीत कपडे बदलणाऱ्या बाईला हा फरक लगेच कळतो. पण जास्त पैसे मोजायचे ते पट्ट्यांसाठी. साधी निळी ताडपत्री कडेच्या रिंगांपाशी फाटते, कारण वाऱ्याचा सगळा ओढा त्या चार-सहा भोकांवर येतो. इथे पट्टीखाली गोटा धरून भोवती दोरीचा फास आवळला की भोक न पाडता कुठेही ताण देता येतो. खिळा ठोकायचाच असेल तर त्याच्या डोक्याखाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा घालावा.

ढिली ताडपत्री उन्हाआधी फडफडीनेच मरते. उतार ३० अंशांपेक्षा कमी ठेवला तर मध्ये पाण्याचं पोट सुटतं आणि मग बांबूच मोडतो.

बाजारातल्या मालाचं काय? जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम याचा, आकडा छापलेला असतो, म्हणून तो खरा असतोच असं नाही. काटा आणि टेप घेऊन जा. १५ बाय १८ फूट म्हणजे २५ चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर पाच किलो भरली पाहिजे. चार भरली तर ती १६० ची आहे. मापही उघडून घ्या, कारण बरेच विक्रेते कड दुमडण्याआधीचं माप सांगतात. मग ताडपत्री सूर्यासमोर धरा: टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर लेप विरळ आहे. कात्रीने बारीक चीर देऊन हाताने ओढा. चीर सरळ पुढे पळत गेली तर तो नग परत. शेवटी खोलगट बांधून दोन बादल्या पाणी रात्रभर ठेवा. ही शेवटची परीक्षा फार थोडे खरेदीदार करतात, आणि गळकी ताडपत्री नेमकी तिथेच पकडली जाते.

४ बाय ६ चे दोषही सांगायला हवेत. ऑक्टोबरच्या उन्हात आत भट्टी होते. दोन्ही टोकांना वर फट ठेवावीच लागते. एक नग कुटुंबाला पुरत नाही. माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा हा स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा निकष धरला तर पाच जणांना साडेसतरा चौरस मीटर जमीन झाकावी लागते, आणि २४ चौरस मीटर कापडात छप्पर झालं तर भिंती उरत नाहीत. म्हणूनच रेडक्रॉसच्या निवारा संचात दोन ताडपत्र्या असतात, सोबत दोरी, खिळे, करवत, हातोडा. दोरीविना ताडपत्री वाटणं हा आपल्याकडचा जुना घोळ आहे.

वाहतुकीचा हिशोब मात्र छान बसतो. हजार कुटुंबांना दोन हजार नग, म्हणजे ४०० गठ्ठे, सुमारे नऊ टन: एका दहाचाकी ट्रकचा माल. तेवीस किलोचा गठ्ठा एक माणूस खांद्यावर नेतो, क्रेन लागत नाही. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळच्या डोंगरात रस्ते संपल्यावर मदत भरियांच्या, म्हणजे तिथल्या हमालांच्या, पाठीवरूनही गेली. तिथे गठ्ठ्याचं वजन पाहूनच काम ठरतं. एकदा फोडलेला गठ्ठा पुन्हा तेवढा दाबून बसत नाही, म्हणून नग मोजायला सगळे गठ्ठे फोडू नका, वीसातला एक फोडा.

घ्यावी कोणी? कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड अशा पूरपट्ट्यात जे मे महिन्यातच साठा करतात, त्यांनी. पाणी घरात शिरल्यावर ऑर्डर देणाऱ्यांनी हिच्या मागे लागू नये. तेव्हा जवळच्या शहरात मिळेल ती २०० जीएसएमची ताडपत्री वरच्या परीक्षा करून उचलावी. उडालेली कौलं पंधरवडाभर झाकायला तर १२० जीएसएमची क्रॉस-लॅमिनेटेड, म्हणजे प्लास्टिकचे थर आडवे-उभे चिकटवलेली, ताडपत्रीही चालते. साठा फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, उंदरांसाठी पिंजरे लावा, आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढा.