कॉर्व्हेट सी६ची इंजिन कव्हर: रंगवलेली विकत घ्यावीत की आपणच रंगवावीत?

सी६ म्हणजे शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारची सहावी पिढी (२००५ ते २०१३). तिचं बॉनेट उघडलं की नजर आधी जाते ती फ्युएल रेलवरच्या, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या नळ्यांवरच्या, दोन लांबट कव्हरांवर. झेड०६ या जास्त ताकदीच्या मॉडेलच्या एलएस७ इंजिनावर ती कंपनीतूनच लाल येतात. साध्या मॉडेलच्या एलएस२ आणि एलएस३ इंजिनांवर मात्र गाडीचा रंग कुठलाही असो, कव्हर काळपटच. अमेरिकेत गाडीच्या रंगात रंगवलेली तयार जोडी विकत मिळते. घरी रंगवायचं साहित्य शंभर डॉलरच्या आसपास जातं आणि तयार जोडीला साधारण त्याच्या दोन-तीन पट मोजावे लागतात. पण निर्णय पैशांवर घेऊ नका, गाडीच्या रंगाच्या जातीवर घ्या.

टॉर्च रेड, व्हिक्टरी रेड, आर्क्टिक व्हाइट, काळा हे सॉलिड रंग. ते घरी स्प्रे कॅननं उत्तम होतात. व्हेलॉसिटी यलो आणि क्रिस्टल रेड हे टिंटकोट: खाली बेस म्हणजे मूळ रंगाचा थर, मध्ये रंगीत पारदर्शक थर, वर क्लिअर म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. मधल्या थराचा एक हात कमी-जास्त झाला की छटा बदलते. इथे तयार जोडीच घ्या. मेटॅलिक या दोहोंच्या मध्ये आहे. कॅन लांबून, कोरडा मारला तर रंगातले चांदीसारखे चमकणारे धातूचे कण वर राहून रंग उजळ दिसतो. जवळून ओला मारला तर कण बुडून गडद दिसतो. दोन कव्हरांत असा फरक पडला तर तो शेजारी-शेजारी लगेच डोळ्यांत भरतो. मेटॅलिकसाठी घासकाम घरी करून फवारणी बॉडी शॉपमधून करून घेणं सगळ्यात शहाणपणाचं.

तयार जोडीबद्दल एक गैरसमज आहे की ती 'हुबेहूब' जुळते. विक्रेता कंपनीच्या कलर कोडवरून रंग बनवतो; तुमच्या गाडीनं दहा-पंधरा वर्षं खाल्लेलं ऊन त्यात नसतं. ग्लव्ह बॉक्समधल्या स्टिकरवरून कोड अचूक कळतो, पण एकाच कोडच्या किंचित वेगळ्या छटा असतात. घरी रंगवणाऱ्याला इथे फायदा आहे: पेंटच्या दुकानात गाडी नेऊन फेंडरवर रंग मोजायचं मशीन लावून घ्या आणि त्या वाचनावरून बेसचा कॅन भरून घ्या.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. कव्हर जीएमचं (जनरल मोटर्स, शेव्हरलेची मूळ कंपनी) मूळ आहे की नक्कल? क्लिअर हार्डनरवालं, म्हणजे २के आहे का? आणि जोडी एलएस२ची की एलएस३ची, कारण ती सरळ अदलाबदल होत नाही. जुनी कव्हर परत पाठवायची 'कोअर' योजना असेल तर पार्सल उघडून नवी जोडी उन्हात नीट पाहिल्याशिवाय जुनी पाठवू नका. पॅकिंगला घासून कव्हरवरच्या उठावाच्या अक्षरांच्या टोकांवरचा रंग गेलेला असतो, तो सावलीत दिसत नाही. शक्य असेल तर कोअर देऊच नका. मूळ जोडी जपून ठेवा, गाडी विकताना कामी येते.

आता घरचं काम. ते बिघडतं ते बहुतेक वेळा फवाऱ्याच्या आधीच. इंजिन बे चमकवायला मारलेल्या ड्रेसिंगमधलं सिलिकॉन प्लास्टिकवर बसलेलं असतं. त्यावर आधी पॉलिश पेपर चालवला तर ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि बेस मारताच गोल-गोल खड्डे उमटतात. म्हणून आधी साबणपाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर: एका फडक्यानं लावायचं आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपायचं. हे दोनदा करा. पेपरला हात त्यानंतरच.

कव्हरचा पृष्ठभाग दाणेदार असतो. तो तसाच रंगवला तर रंग खेळण्यासारखा दिसतो. ३२० नंबरच्या पेपरनं दाणा उतरवा, ॲडहेजन प्रमोटरचा (प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा थर) पातळ हात द्या, त्यावर हाय-बिल्ड म्हणजे जाड बसणाऱ्या प्रायमरचे दोन-तीन हात. मग ४०० आणि ६००चा वॉटर पेपर. मागे प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असेल आणि तो 'पीपी' (पॉलिप्रॉपिलीन) असेल, तर प्रमोटरशिवाय पुढचं सगळं साल निघाल्यासारखं सुटतं. उठावाच्या अक्षरांभोवती प्रायमर साचतो. तिथे ठोकळा वापरू नका, पेपरची घडी करून बोटानं घासा, नाहीतर अक्षरांच्या कडा बोथट होतात. रेलवर बसणाऱ्या मागच्या जागा टेपनं झाका; तिथे रंगाची जाडी वाढली की कव्हर घट्ट बसतं आणि पुढच्या वेळी काढताना तुटतं.

इंजिनसाठीचा उष्णतारोधक इनॅमल इथे लागत नाही. कव्हर ब्लॉकला चिकटलेलं नसतं. नेहमीचा ऑटोमोटिव्ह बेस आणि २के क्लिअर तिथली उष्णता सहज सोसतात. त्या इनॅमलमध्ये गाडीच्या रंगाची छटाही मिळत नाही. कसर करायची नाही ती क्लिअरमध्ये. ऑइल भरायची जागा उजव्या बाजूलाच असल्यानं उजव्या कव्हरवर थेंब सांडतातच, आणि साधं एककॅनी लॅकर पेट्रोल किंवा ब्रेक फ्लुइड लागताच मऊ पडतं. २के कॅनमध्ये तळाचं बटण दाबून हार्डनर आत सोडायचा, नीट हलवायचं. त्यानंतर कॅन फार तर दोन दिवस चालतो. यात आयसोसायनेट हे श्वासातून घातक ठरणारं रसायन असतं. धुळीचा मास्क निरुपयोगी आहे. ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि उघडी जागा हवीच. हे जमणार नसेल तर क्लिअर बॉडी शॉपकडूनच मारून घ्या.

साहित्य: प्रमोटर, प्रायमर आणि २के क्लिअरचा प्रत्येकी एक कॅन, बेसचे दोन. बेसचे तीन पातळ हात, दर हातामध्ये दहा-पंधरा मिनिटं. क्लिअरचा पहिला हात हलका, दुसरा ओला. तिसऱ्याचा मोह झाला की कडेला ओघळ आलाच.

हाताला कोरडं लागलं तरी लगेच बसवू नका. आत अडकलेला सॉल्व्हंट गरम इंजिनावर उकळतो आणि क्लिअरमध्ये बारीक फोड येतात. आठवडाभर थांबा. बसवताना इंजिन गार असू द्या, आणि तळवा रेलच्या बरोबर वर ठेवून सरळ खाली दाबा. कडेला दाबलं तर नवा रंग पहिल्यांदा तिथेच तडकतो.