रॉक गार्डन, चंदिगड: घाईत उरकायची जागा नव्हे

सिमला-मनालीच्या सहलीत चंदिगडचं रॉक गार्डन, म्हणजे टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या मूर्तींची बाग, अर्ध्या तासात उरकलं जातं. निदान दोन तास ठेवा आणि रविवार टाळा. वाट अरुंद, कमानी मुद्दाम बुटक्या. मागून रेटा आला की काही न्याहाळता येत नाही.

सार्वजनिक बांधकाम खात्यातले रोड इन्स्पेक्टर नेक चंद यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात हे काम चोरून सुरू केलं. नव्या चंदिगड शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा आणि नदीपात्रातले दगड ते सायकलवरून आणत. प्रशासनाला पत्ता लागला तेव्हा सगळं पाडण्याची चर्चा झाली. शेवटी १९७६ साली बाग लोकांसाठी खुली झाली. कायद्याच्या भाषेत हे अतिक्रमणच!

खरी गंमत मालाच्या पारखीत आहे. जनावरांच्या मूर्तींत सायकलची सीट डोक्याच्या जागी बसते, चाक धरणाऱ्या फोर्कचे पाय होतात. बायकांच्या मूर्तींवर फुटक्या बांगड्यांचे तुकडे ओळीने दाबलेले आहेत. आत लोखंडी सांगाडा, त्यावर सिमेंट-वाळूचा गिलावा. शेवटच्या थरात सिमेंट जास्त, आणि तो ओला असतानाच तुकडे बसवायचे. थर सुकला की काच धरत नाही. भिंतींजवळ थांबा: विजेच्या तारांचे चिनीमातीचे इन्सुलेटर, संडासाची भांडी, डांबराची पिंपं, भट्टीत वितळून घट्ट झालेला खंगर. काही भिंती दगडी वाटतात, पण त्या पोत्यातच घट्ट झालेल्या सिमेंटच्या आहेत. जवळून पाहिलं तर गोणपाटाची वीण उमटलेली दिसते.

दोष याच पद्धतीत आहे. बारीक भेगेतून पाणी शिरलं की आतलं लोखंड गंजतं, फुगतं आणि वरचा थर फोडतं. मग बांगड्या सुटतात. त्यात लोकांचे हात लागतात, म्हणून मूर्तींना चुकूनही टेकू नका.

धबधब्यापलीकडचा बागेचा तिसरा टप्पा, झोपाळे आणि वेड्यावाकड्या आरशांचा, मुलांना आवडतो. पण तिथे कलाकारापेक्षा जत्रा जास्त. वेळ कमी असेल तर तोच गाळा, मूर्तींचा भाग गाळू नका. पायऱ्या आणि चढउतार बरेच आहेत, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्यावी. पावसाळ्यात चपला नकोत, घट्ट पकडीचे बूट घाला.