एचएस-सीआरपी की एचबीए१सी: डायबिटीसची शंका असेल तर आधी काय?

आई किंवा वडिलांना डायबिटीस, स्वतःचं पोट सुटलेलं आणि वय चाळिशीच्या आसपास. अशा वेळी मुंबईतल्या लॅबचं पॅकेज बघायला गेलं की या दोन तपासण्या शेजारीशेजारी दिसतात. एचएस-सीआरपी (पुढे नुसतं सीआरपी) शरीरातला छुपा दाह दाखवते, एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर. दोन्ही केल्यावर माझा कल कुठे झुकला ते सांगतो.

सीआरपीमागचा विचार पक्का आहे, हे आधी मान्य करायला हवं. पोटावरची चरबी नुसती पडून नसते. ती वाढली की तिच्यात रोगप्रतिकारक पेशी घुसतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ यांसारखी दाह वाढवणारी रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. आयएल-६ वाढलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, म्हणून रक्तात तो आकडा चढतो. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेलं असतं हे १९९३ मध्ये दिसलं. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात, आधी सीआरपी जास्त असलेल्या स्त्रियांना पुढे डायबिटीस होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८७६ साली, सोडियम सॅलिसिलेट दिल्यावर लघवीतली साखर कमी होते अशी नोंद एब्स्टाइन या जर्मन डॉक्टरांनी केली होती. दाह कमी करणारं औषध आणि साखर यांचा संबंध इतका जुना आहे.

आपल्यासाठी तर हा विषय जास्तच जवळचा. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. जास्त चरबी आपल्या डॉक्टरांची. वजनाचा काटा ठीक दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी.

मग सीआरपीच का नको? तो स्थिर राहत नाही. माझी पहिली तपासणी ऐन पावसाळ्यात झाली, खोकला नुकताच बसला होता. रिपोर्टमध्ये आकडा १० च्या वर, पुढे ठळक अक्षरात ‘हाय’, आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. डॉक्टर म्हणाले, १० च्या वर म्हणजे बहुधा संसर्ग, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. पुन्हा केली तेव्हा दाढ ठणकत होती, आकडा परत चढा. दाढेचा निकाल लागल्यावर तो खाली आला. एवढा खर्च आणि घोर, पण साखरेबद्दल अक्षरही कळलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लोकलच्या गर्दीतून रोज ये-जा करणाऱ्याला सर्दी-खोकला सुटतो कुठे? मला तरी हीच गोष्ट निर्णायक वाटली.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. ऑफिसातून परतताना दादरला उतरून रक्त दिलं की झालं. ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे बॉर्डरलाइन, ६.५ पासून डायबिटीस. लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. माझा आकडा बॉर्डरलाइनमध्ये आला, आणि काय करायचं ते त्याच दिवशी ठरलं. सर्दी-पडशाने तो हलत नाही.

एचबीए१सीचीही एक गोम आहे. लोह कमी असेल तर आकडा खोटा वाढू शकतो. थॅलेसेमिया मायनर (रक्तातला आनुवंशिक दोष) असेल किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तरीही फसवतो. माझ्या बहिणीचं तसंच झालं. शेवटी डॉक्टरांनी फास्टिंग आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी, अशा दोन्ही साखरांवर भिस्त ठेवली. त्यामुळे सोबत सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) करून घ्यावं.

हृदयविकाराचा धोका जोखायला डॉक्टरांनी सीआरपी सांगितली तर जरूर करा, अंगात ताप-खोकला नसताना. डायबिटीसच्या निदानाच्या निकषांत मात्र ती नाही. एखाद्या सडपातळ तरुण मुलाची साखर अचानक भडकली तर प्रश्नच वेगळा: तिथे शरीर इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटलेलं असू शकतं. तेव्हा वेळ न दवडता डॉक्टर गाठावेत. असा हल्ला ओळखणाऱ्या जीएडी अँटिबॉडी वगैरे तपासण्या तेच सांगतील.

बाकीच्यांनी, माझ्या मते, सीआरपीचे पैसे सीबीसी आणि फास्टिंगकडे वळवावेत. आणि पोटावरच्या चरबीचा अंदाज हवा असेल तर शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याच्या पुढे गेलात तर एचबीए१सी याच आठवड्यात करून टाका.