सीएचा ग्रुप दोन मार्कांनी गेला: व्हेरिफिकेशन करावं की सर्टिफाइड कॉपी मागवावी?

सीएच्या परीक्षेत काही पेपर मिळून एक ग्रुप होतो. तो थोडक्यात अडकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "रिचेकिंगला टाकू का?" सीएची परीक्षा घेणाऱ्या आयसीएआय या संस्थेकडे रिचेकिंग हा प्रकारच नाही. मिळतात त्या दोन सेवा. एक, व्हेरिफिकेशन ऑफ मार्क्स: पेपरमागे १०० रुपये, सगळे पेपर मिळून कमाल ४००. दुसरी, तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी: पेपरमागे ५०० रुपये. दोन्हींचे अर्ज ऑनलाइन, निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत.

आपल्याकडच्या मुलांची इथे हमखास फसगत होते, कारण दहावी-बारावीच्या बोर्डाची सवय असते. तिथे गुणपडताळणी, छायाप्रत आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकन अशी सोय आहे. सीएच्या परीक्षेत ही शेवटची पायरीच नाही. १९८८ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स रेग्युलेशन्समधल्या नियम ३९(४) प्रमाणे फक्त इतकंच पाहिलं जातं: एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, आणि बेरीज चुकली का. "चारपैकी दोनच का दिले?" याचं उत्तर व्हेरिफिकेशनमध्ये मिळत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये विद्यार्थी हाच नियम बदला म्हणून रस्त्यावर उतरले होते, पण पुनर्मूल्यांकन काही आलं नाही. कोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांनी १९८४ चा, आपल्याच राज्य मंडळाविरुद्धच्या परितोष शेठ प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचावा: नियमात तरतूद नसेल तर पुनर्मूल्यांकन हक्क म्हणून मागता येत नाही.

म्हणून शंभर रुपये भरण्याआधी कागद-पेन घ्या. पास व्हायला प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपमध्ये एकूण ५० टक्के, म्हणजे आताच्या तीन पेपरांच्या ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. समजा मार्क ३९, ५८ आणि ५१ आहेत. एका मार्कानं गेला असं वाटतं, पण बेरीज १४८ आहे. ३९ चे ४० झाले तरी १४९, म्हणजे नापासच. इथे खरी तूट दोन मार्कांची आहे, आणि त्यातला किमान एक त्या पहिल्याच पेपरात वाढायला हवा. दोन्ही ग्रुप एकदम दिले असतील तर हिशेब वेगळा: सहाही पेपरांत ४० आहेत आणि एकूण ३०० भरतात, तर एका ग्रुपची तूट दुसऱ्यानं भरून निघते. एक्झम्प्शनचंही, म्हणजे तो पेपर पुन्हा देण्यातून मिळणाऱ्या सुटीचंही पाहा. पेपरात ५९ असतील तर ६० होण्यासाठी केलेला अर्ज पास होण्यासाठी केलेल्या अर्जाइतकाच मोलाचा आहे.

आमचं मत सरळ आहे. नुसतं "मार्क कमी वाटतात" म्हणून व्हेरिफिकेशन करू नका. उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासली जाते तिथे बेरीज यंत्रच करतं, त्यामुळे त्या चुकीला वाव कमीच. ठोस संशय असेल तरच शंभर रुपये घाला: सगळा पेपर लिहूनही वीसच्या आसपास मार्क, हजर असून गैरहजर दाखवलं, किंवा बरीच उत्तरं सप्लिमेंटरीत (पुरवणीत) होती आणि मार्क पहिल्या पुस्तिकेपुरतेच वाटतात. चूक निघाली तर फी परत मिळते, हे या सेवेचं बरं. वाईट म्हणजे उत्तर यायला दीड-दोन महिने सहज जातात.

पाचशेची कॉपी मात्र पैसे वसूल करते, तेही मार्क वाढोत न वाढोत. ती आली की आधी पानं मोजा, सप्लिमेंटरी जोडली आहे का पाहा. मग प्रत्येक उपप्रश्नासमोर मार्क किंवा शून्य आहे का ते बघा. शून्य म्हणजे तपासलं; मोकळी जागा म्हणजे कदाचित तपासायचं राहिलं. सर्वात जास्त घोळ होतो तो तुकड्यातुकड्यांत लिहिलेल्या उत्तरात: ३(ब) आठव्या पानावर सुरू केलं आणि उरलेलं एकविसाव्यावर लिहिलं, की तो दुसरा तुकडा नजरेतून सुटू शकतो. असं काही सापडलं तर परीक्षा विभागाला प्रश्न क्रमांक आणि पान क्रमांक देऊन चार ओळींत कळवा. कैफियत मांडू नका, ती कोणी वाचत नाही. आणि "पाच सोडवा" म्हटलं असताना सहा सोडवले असतील तर आधी लिहिलेले पाचच धरतात. सहाव्याला मार्क नाहीत ही चूक नव्हे.

त्यानंतर आयसीएआयच्याच बोर्ड ऑफ स्टडीजची सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, शेजारी ठेवून ओळीनं ताडून पाहा. अकाउंट्समध्ये उत्तर बरोबर पण वर्किंग नोट (आकडा कसा आला त्याची मांडणी) कच्च्या कामात लिहून काट मारलेली. लॉमध्ये निष्कर्ष आहे पण तरतूदच लिहिलेली नाही. ऑडिटमध्ये मोघम परिच्छेद. मार्क गळतात ते अशा ठिकाणी, आणि क्लासच्या टेस्ट सीरिजपेक्षा हे निदान खरं असतं, कारण ते खऱ्या परीक्षकाच्या हातचं आहे.

पाचशे जास्त वाटत असतील तर माहिती अधिकाराचा रस्ता आहे. तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये मान्य केलं. २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात उमेदवारानं माहिती अधिकाराखाली अर्ज केला तर फी माहिती अधिकाराच्याच नियमांप्रमाणे, असं कोर्टानं सांगितलं. म्हणजे अर्जाचे १० रुपये आणि पानामागे २. मात्र वेळ हातात असेल तरच.

शेवटी तारखा. व्हेरिफिकेशनचं उत्तर आल्यावर कॉपी मागवू असं ठरवलंत तर ३० दिवस कधीच उलटून गेलेले असतात, तेव्हा दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्ज एकदमच टाका. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते आणि पुढच्या अटेम्प्टचा फॉर्म निकालानंतर लगेचच सुटतो. उत्तराची वाट पाहत तो अडवून ठेवू नका.